मोर आला म्हणून माळ आला नाही

‘झाडं लावली, पाणी अडवलं, आणि मोर परत आले.’ नगर जिल्ह्यात हे वाक्य इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येतं की त्यात तपासण्याजोगं काही असेल असं कुणाला वाटतच नाही. जोडीला मोबाइलवर पुरावा असतोच. कॉलेजच्या आवारात पिसारा फुलवलेला नर, बंगल्याच्या कंपाउंडवर ओळीनं बसलेल्या लांडोरी, आणि खाली मजकूर: निसर्ग परततोय. झाडं लावली हे खरं, पाणी अडवलं हेही खरं, मोर वाढले हे तर डोळ्यांना दिसतंच. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष. ज्या बदलांनी मोराला गावात आणलं, त्याच बदलांनी या जिल्ह्याचा मूळचा निसर्ग, म्हणजे गवताळ माळ, संपवत आणला आहे. एकाची भरभराट दाखवून दुसऱ्याच्या मरणावर पांघरूण घालायचं, आणि वर त्याचा सत्कार समारंभ करायचा, हे आता थांबलं पाहिजे.

मोराशी माझं भांडण नाही. मोर वाढलेत हेही मला मान्य आहे. ते आकड्यांनीच सिद्ध होतं. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर बेतलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यानुसार मोरांची संख्या गेल्या दोन दशकांत सुमारे १५० टक्क्यांनी वाढली आहे. वृत्तपत्रांनी ही ओळ उचलून धरली. पण त्याच अहवालात आणखी एक हिशेब आहे, तो कुणी फलकावर लावला नाही. दीर्घकाळाचा कल सांगता येईल इतकी माहिती ज्यांच्याबद्दल होती असे पक्षी ३३८. त्यांतले २०४ घटले, ९८ स्थिर राहिले आणि वाढले फक्त ३६. मोर त्या ३६ मधला. वर्गातली बहुतेक मुलं नापास झालेली असताना पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो छापून शाळेची जाहिरात करावी, तसं आपलं चाललं आहे.

मोराला नेमकं लागतं काय ते पाहा. रात्री बसायला उंच झाड. अंडी घालायला जमिनीवर झुडपांचा आडोसा. जवळ पाणी. आणि दिवसभर टिपायला दाणे, कोंब, किडे, सरडे, सापाची पिल्लं. खाण्याच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नाही. हरभऱ्याचा उगवता कोंब चालतो, भुईमूग चालतो, टोमॅटोही चालतो. आता ही यादी नगर जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाशेजारी ठेवा. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडचे तालुके ओले केले. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर आले. मग मुळा धरण, मग कुकडीचा कालवा, मग शेततळी, मग डाळिंब-लिंबाच्या बागा. कालव्याच्या कडेनं वाढलेली बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ. कारखान्यांच्या वसाहतींत, लष्करी हद्दीत, सरकारी आवारांत जपलेली मोठी झाडं. त्यातच १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला सर्वांत वरच्या अनुसूचीत बसवलं. श्रद्धेचं कवच तर आधीपासून होतंच. कार्तिकेयाच्या वाहनावर दगड उचलायला हात धजत नाही. एवढं सगळं मिळाल्यावर मोर वाढला नसता तरच नवल! तो कुठल्या हरवलेल्या जंगलातून परतलेला नाही. पूर्वी ओढ्याकाठी, डोंगरकपारीत, देवराईत होता; तिथून कालव्याच्या काठाकाठानं चालत तो आपल्या दारापर्यंत आला.

यावर कुणी म्हणेल, कसा का येईना, आला ना? पक्षी वाढणं हे चांगल्या हवा-पाण्याचंच लक्षण नाही का?

या प्रश्नाचं उत्तर केरळनं देऊन ठेवलं आहे. १९३३ मध्ये सालिम अलींनी त्रावणकोर-कोचीन संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांना तिथे मोराची नोंद मिळाली नाही. आज केरळच्या प्रत्येक जिल्ह्यात मोर आहे. केरळ कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की मोर हा कोरड्या, उघड्या प्रदेशाचा पक्षी. ओल्या, दाट केरळात तो पसरतो आहे कारण केरळ कोरडं होत चाललं आहे. म्हणजे तिथे मोर दिसला की अभ्यासक चिंतेत पडतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडचा मूळचा माळ इतका उघडा आणि कोरडा, की मोरालाही आडोसा आणि पाणी पुरत नव्हतं. ते आपण आणून दिलं. केरळात वाळल्यामुळे मोर वाढला, नगरात ओलावल्यामुळे. दोन्हीकडे मूळचं काहीतरी बिघडलं, दोन्हीकडे त्या बिघाडात मोराचं भलं झालं. जो पक्षी दोन उलट्या कारणांनी वाढतो, त्याच्या वाढीवरून निसर्गाची तब्येत सांगणारा वैद्य कुठल्या शाळेत शिकला?

अशाच वर्गातला आणखी एक दाखला आपल्याकडचे हौशी लोक देतात. अमेरिकेतले रानटी टर्की, मोराचेच लांबचे भाऊबंद, शहरांच्या बागांत, रस्त्यांवर, घरांच्या अंगणांत परतले. पाहा, त्यांनी करून दाखवलं. करून दाखवलं हे खरंच. मॅसॅच्युसेट्स राज्यातून हा पक्षी १८५१ पर्यंत शिकारीनं आणि जंगलतोडीनं नाहीसा झाला होता. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ टर्की पकडून आणून बर्कशायरच्या डोंगरात सोडले गेले, आणि त्यांची वंशवेल आज बॉस्टनच्या उपनगरांत वाहतूक अडवते. मोठं यश, निर्विवाद. पण ते ठरवून, पैसा ओतून मिळवलेलं यश होतं. शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांकडे वळवणारा कायदा अमेरिकेनं १९३७ मध्येच केला होता. आणि गंमत अशी, की शहरात टर्की मिरवत असताना अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत, जिथे तो पिढ्यान् पिढ्या रानात होता, तिथे त्याची संख्या गेली काही वर्षं घसरते आहे. शहरातला पक्षी रानातल्या पक्ष्याची खबर देत नाही, इतका साधा धडा त्यात आहे. आपण मात्र तेवढाच सोडून बाकी सगळं उचललं. शिवाय तिथलं वन्यजीव खातं लोकांना बजावतं, की टर्कीला दाणे टाकू नका, तो माणसाला भिईनासा झाला की अंगावर येतो. आपल्याकडे पहाटे गच्चीवर ज्वारी पसरून व्हिडिओ करण्याला पक्षिप्रेम म्हणतात.

आता ज्याचं नाव या सोहळ्यात कुणी घेत नाही, त्याच्याकडे येतो.

राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सालिम अलींनी माळढोकाची बाजू घेतली होती. गवताळ माळाचा हा उंच, जड, सावध पक्षी. भारतातल्या उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. निवड मोराची झाली. १९७९ मध्ये महाराष्ट्रानं माळढोक अभयारण्य जाहीर केलं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात सोलापूर जिल्ह्यातले तालुके होते आणि आपल्या जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा. कर्जत तालुक्यातच १९८० मध्ये रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी सरकारला ठाऊक होतं की या जिल्ह्याचं वैभव माळावर आहे. काळविटांनी त्या चिमूटभर जागेत तग धरला. माळढोकाचं काय झालं? आज रानात जेमतेम दीडशे माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला तर ती बातमी होते.

ते अभयारण्य आखलं होतं भोंगळपणे, हे मी मान्य करतो. त्यात गावंच्या गावं होती, शेती होती, बाजारपेठा होत्या. जमिनीचे व्यवहार अडले, विहिरीपासून कारखान्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला परवानगी लागू लागली, आणि ज्या शेतकऱ्यानं तो पक्षी कधी पाहिलाही नव्हता तो त्याला शिव्या देऊ लागला. २०१२ च्या सुमारास क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, ते चुकीचं नव्हतं. चुकलं ते त्याआधीच्या तीस वर्षांत. नकाशावर हजारो चौरस किलोमीटर राखीव असताना प्रत्यक्षातले माळ एकेक करून नांगराखाली, खाणींखाली, औद्योगिक वसाहतींखाली गेले. आणि जे वन विभागाच्या ताब्यात होते, त्यांवर वन विभागानंच झाडं लावली.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं, कारण आपल्या सगळ्या हरित उत्साहाला ते झोंबणारं आहे. माळढोकाच्या पायाला मागचं बोट नसतं. तो झाडावर बसू शकत नाही. त्याचं जगणं, विणीचं नाचणं, शत्रूला दुरून हेरणं, सगळं उघड्या जमिनीवर. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्याच्या माळावर तुम्ही गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या, सुबाभूळ लावली, वेड्या बाभळीला मोकळं रान दिलं, म्हणजे त्याची नजर बंद केली आणि कुत्र्याला, कोल्ह्याला लपायला जागा दिली. मोराला मात्र तीच झाडी हवी असते. तेव्हा ‘झाडं लावली आणि मोर आले’ हे वाक्य कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर उच्चारणाऱ्यानं त्याचा उत्तरार्धही उच्चारला पाहिजे: झाडं लावली आणि माळढोक गेला. एकट्या झाडांनी गेला नाही. शिकार होती, विजेच्या उघड्या तारा होत्या, कडेनं सरकत येणारा ऊस होता. पण संरक्षणाच्या नावाखाली ज्यानं त्याला ढकललं ते झाडच होतं, आणि ही गोष्ट ज्यांनी केली त्यांनाच आज मोर दाखवून शाबासकी हवी आहे.

‘पण माळ म्हणजे उजाड जमीनच ना? जंगल तोडल्यावर उरलेली?’ हा आक्षेप शिकलेल्या माणसांकडून सर्वांत जास्त येतो. महसुलाच्या दप्तरात माळाची गणना पडीक म्हणून, वन खात्याच्या हिशेबात झाडं नसलेली जागा म्हणजे लावायची बाकी असलेली जागा. मग शाळेतल्या मुलानं वेगळं काय शिकावं? २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी या समजुतीला जुन्या मराठी साहित्यातूनच उत्तर दिलं. तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, कथा, चरित्रं, पोवाडे धुंडाळून त्यांनी त्यांतले रानझाडांचे उल्लेख वेचले. ४४ रानवनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक माळाच्या, उघड्या प्रदेशाच्या. पश्चिम महाराष्ट्राचा गवताळ माळ निदान साडेसातशे वर्षं जुना आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात. तेव्हाही भोवती माळ होता असं मानायला आता चांगला आधार आहे. कुणी जंगल तोडून तो केलेला नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेनं, मुरमाड जमिनीनं आणि चरणाऱ्या जनावरांनी तो घडवला आहे.

चरणारी जनावरं म्हटल्यावर आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, धनगर घराण्यातला. त्रिशताब्दीच्या निमित्तानं मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठकच चौंडीत झाली. कोट्यवधींच्या घोषणा झाल्या, स्मारकं येतील, रस्ते येतील. पण धनगराच्या मेंढ्या पावसाळ्यात जिथे चरतात तो चौंडीच्या आसपासचा माळ राखण्याचा विचार कुणाच्या मनात आल्याचं दिसत नाही. लेकीचं नाव जिल्ह्याला द्यायचं आणि तिच्या माहेरच्या लोकांची चराई नांगरायची किंवा खड्डे खणून कुंपण घालायचं, हा कसला सन्मान? मेंढपाळाला दंड होतो तो वनीकरणाच्या हद्दीत मेंढरं शिरली म्हणून. ते वनीकरण जिथे झालं तो त्याच्या आजोबाचा माळ होता.

महाराष्ट्रानं २०१६ मध्ये एका दिवशी दोन कोटी झाडांपासून सुरुवात केली, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचं लक्ष्य. आकडा असा चढत गेला की जागा कमी पडू लागली, आणि जागा म्हणून सर्वांत आधी नजर जाते ती माळावर: तिथे खड्डा खणायला कुणी हरकत घेत नाही. मी झाडांविरुद्ध नाही, हे सांगावं लागतं इतकी ही चर्चा बिघडली आहे. नगर शहराच्या रस्त्यांवर झाडं लावा, उन्हाळ्यात जीव जातो. शेताच्या बांधावर लावा. अकोले तालुक्याच्या डोंगरात जिथे जंगल होतं आणि तोडलं, तिथे लावा. माळावर लावू नका. एवढी साधी गोष्ट.

‘मग हिवरे बाजार, राळेगणसिद्धी चुकले का?’ असंही विचारतात, जणू आता पकडलं. पाणलोटाच्या कामासाठी गाजलेली आपल्या जिल्ह्यातली ही दोन गावं मुळीच चुकली नाहीत. पण हिवरे बाजारचं नाव घेणाऱ्यांनी तिथे काय झालं ते नीट सांगावं. तिथे कुऱ्हाडबंदीच्या जोडीनं चराईबंदी होती, आणि चराईबंदीमुळे आधी उसळून आलं ते गवत. ते विळ्यानं कापून गावानं जनावरं पोसली, दूध वाढवलं. उसासारखी पाणी पिणारी पिकं गावानंच नाकारली. तिथल्या यशाचा मोठा हिस्सा गवताचा आहे, आणि कार्यक्रमांत त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण गवताशेजारी उभं राहून फोटो चांगला येत नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, त्यांनाही दोन शब्द. मोर वाढले, पिकं खातात, त्यांना उपद्रवी ठरवा, असं म्हणणारे. गोव्यात २०१६ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी मोराला उपद्रवी प्राण्यांत टाकण्याचा विचार बोलून दाखवला आणि देशभर गदारोळ झाला. शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. पेरलेला हरभरा सकाळी उकरलेला दिसला की राष्ट्रीय पक्ष्याचं कौतुक ओसरतं. रानडुक्कर, रोही, हरीण यांच्या नुकसानीचा पंचनामा होतो आणि भरपाई मिळते. मोरानं खाल्लेल्या पिकाचाही तसाच सरळ हिशेब व्हावा, आणि तलाठ्यापाशी खेटे न घालता व्हावा. पण मोराला मारण्याची परवानगी मागणारे आणि मोर पाहून आनंदाश्रू ढाळणारे, दोघेही एकच चूक करतात. दोघेही मोराकडेच बघत बसतात. त्याला इथे कुणी बोलावलं, हे विचारत नाहीत.

ऊस पाडा, कालवे बुजवा, असं मी म्हणत नाही. म्हणणारा मूर्ख ठरेल. कालव्याच्या पाण्यामागे तीन पिढ्यांचा घाम आहे, आणि दुष्काळाचं वर्ष ज्यानं पाहिलं त्याला पाण्याची किंमत शिकवायला शहरातल्या पक्षीमित्रानं जाऊ नये. जे ओलं झालं ते झालं. प्रश्न उरलेल्या तुकड्यांचा आहे. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेरचे काही भाग, नगर तालुक्याच्या पूर्वेचे उतार, जिथे अजून जूनमध्ये पवन्या आणि कुसळी उगवते.

आणि शेवटी हमखास येणारा तो हताश सूर: माळढोक तर गेलाच, आता माळ राखायचा कुणासाठी? लांडग्यासाठी, जो अजून या जिल्ह्यात मेंढरांच्या मागे मागे फिरतो. खोकडासाठी, जो बांधाच्या बिळात पिल्लं घालतो. धाविक, माळटिटवी, पखुर्डी या माळपक्ष्यांसाठी. हिवाळ्यात मध्य आशियातून येऊन गवतात रात्र काढणाऱ्या भोवत्या पक्ष्यांसाठी. रेहेकुरीच्या कुंपणाबाहेर पडल्याशिवाय ज्यांचं पोट भरत नाही त्या काळविटांसाठी. मेंढपाळासाठी. यातलं कुणीही कंपाउंडच्या भिंतीवर येऊन पिसारा फुलवणार नाही. त्यांना पाहायला माळावरच जावं लागतं, उन्हात, दुर्बीण घेऊन. म्हणून त्यांचा व्हिडिओ व्हायरल होत नाही आणि म्हणून त्यांच्या नावानं कुणी निधी मागत नाही.

येत्या पावसाळ्याआधी खड्ड्यांची उद्दिष्टं ठरतील. त्याआधी वन विभागानं आणि जिल्हा प्रशासनानं एवढंच करावं: तालुकावार गवताळ माळांची यादी जाहीर करावी, त्यावर यंदा एकही खड्डा पडणार नाही असं लेखी द्यावं, पूर्वी लावलेलं गिरिपुष्प आणि पसरलेली वेडी बाभूळ निदान दोन-चार माळांवरून काढून पाहावी, आणि मेंढपाळांना चराईच्या वेळा आणि जागा ठरवण्याच्या बैठकीत बोलवावं. झाडांचा आकडा पुरा झाला नाही तर वरून पत्र येईल. येऊ द्यावं.